भर सीनमधून उठून गेलेला माणूस

आवळबोडीत त्या रात्री नाटकाला कुणीच गेलं नव्हतं. निदान चंद्रपूरच्या सेशन कोर्टात सकाळपासून जे साक्षीदार पिंजऱ्यात चढले आणि उतरले, त्यांचं म्हणणं तरी तसंच होतं. एकाचं पोट दुखत होतं. एकाची गाय व्यायली होती. सरपंचाचा भाऊ तर म्हणे दिवेलागणीलाच जेवून आडवा झाला आणि सकाळी तोंड धुताना त्याला कळलं, की गावात खून झाला. आता झाडीपट्टी ज्याला ठाऊक आहे त्यानेच सांगावं, शंकरपटाच्या दिवशी घरी झोपतं कोण? दिवसभर बैलांच्या जोड्या धावतात, रात्री नाटक लागतं. त्या एका रात्रीसाठी लेकी माहेरी येतात, जावई रुसवा सोडून येतात, खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यांना उचलून शेकोटीजवळ आणून बसवतात. आवळबोडीत त्या रात्री मंडप फाटेल एवढी गर्दी होती. मग ते नाटक पाहिलं कुणी? बैलांनी?

दुपारच्या सुट्टीत सरकारी वकील सरिता मॅडम व्हरांड्यात आल्या. बाकावर बसलेल्या रंभाला त्यांचा चेहरा पाहूनच काय ते समजलं.

"सगळे फितूर झाले, रंभाबाई. आता तुम्ही एकट्याच उरलात."

"ते म्हातारी पन? पहिल्या रांगेत होती ते?"

"गुणाबाई. मेलेल्या हरिदासची सख्खी चुलती. म्हणाली, गुडघे दुखत होते, मी घरीच होते." मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला. "पोलिसांना दिलेल्या जबाबात सगळं सांगितलं होतं तिने. आज म्हणते, मला वाचता येत नाही, त्यांनी काय लिहिलं मला काय ठाऊक."

रंभाने बाहेर पाहिलं. समोर कोर्टाच्या आवारात लिंबाच्या सावलीला एक पांढरी बोलेरो उभी होती आणि तिच्याभोवती आवळबोडीची माणसं पुड्यातला चिवडा खात होती. गाडी शेटची, चिवडाही शेटचाच. वैनगंगेच्या रेतीघाटांवर ज्याचे टिप्पर चालतात आणि दारूबंदीच्या गडचिरोलीत ज्याची दारू जाते, तो शेट. साक्षीदारांना घरून उचलून आणायचं, साक्ष झाली की कोर्टातच बसवून ठेवायचं आणि सगळ्यांचं झालं की परत नेऊन सोडायचं, हे काम त्याने आदेश नावाच्या आपल्या माणसाला दिलं होतं. आदेश दिवसभर कोर्टात मागच्या बाकावर बसून बोटात गाडीची चावी फिरवत होता. कोण काय बोलतं ते त्याला ऐकायचं होतं, आणि तो ऐकतो आहे हे बोलणाऱ्याला दिसायला हवं होतं.

ज्याच्या खुनाचा खटला होता तो हरिदास साधाच माणूस. चार एकर धान, दोन बैल, आणि नाटकाचं वेड. गावच्या नाट्यमंडळाचा तो अध्यक्ष. घाटावरून सुटलेले टिप्पर शाळेसमोरून भरधाव जायला लागले, तेव्हा गावातल्या बायांना घेऊन तो रस्त्यात आडवा झाला. एकदा नाही, दर आठवड्याला. शेटने समजावून पाहिलं, मग धमकावून पाहिलं, आणि मग सुपारी दिली.

सुपारी घेतली ती राजदीपने. चंद्रपुरात पठाणपुऱ्यापासून दुर्गापूरपर्यंत त्याचं नाव लोक हळू आवाजात घेत. आधी दोन खटले त्याच्यावर झाले होते आणि दोन्हीतून तो मिरवत बाहेर आला होता, कारण दोन्ही वेळी बघणारं कुणी मिळालं नाही. या वेळीही गोळी झाडलेला गावठी कट्टा सापडला नव्हता. रेतीघाटासमोर वैनगंगा आहे, तिच्या पोटात काय काय आहे ते तिलाच माहीत. सगळी भिस्त डोळ्यांनी पाहिलेल्यावर होती. आणि पाहिलेल्यांनी तर कानावर हात ठेवले होते.

उरली होती रंभा. धानोऱ्याकडची बाई, वडशाच्या बापूजींच्या नाटक कंपनीत गेली पंधरा-सोळा वर्षं काम करणारी. उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी, आणि दिवाळी ते होळी नाटक. नायिका ती कधीच झाली नाही. थोरली वहिनी, विधवा आई, सोसणारी जाऊ, असलीच कामं तिच्या वाट्याला यायची. पण पोस्टरवर तिचं नाव नायिकेच्या वर छापायचे, कारण रंभा रडली की मंडप रडायचा. बाया घरून पदर ओला करायच्या तयारीनेच यायच्या.

त्या वर्षी कंपनीचं ‘कुंकवाची उधारी’ गावोगाव गाजत होतं. त्यात दुसऱ्या अंकाच्या शेवटी बंदूक घेतलेला दीर रंभाच्या नवऱ्यावर नेम धरतो, आणि रंभा पुढे येऊन थेट प्रेक्षकांना एक प्रश्न विचारते. त्या प्रश्नाला बहुतेक गावांत कुणी ना कुणी खालून उत्तर द्यायचंच. कुठे एखादा पोरगा ओरडायचा, कुठे म्हाताऱ्या दिराला शिव्या मोजायच्या. मंडपात एकच गलका व्हायचा, आणि त्या गलक्यात विंगेतला प्रफुल सुतळी बॉम्ब पेटवायचा. तीच बंदुकीची गोळी.

आवळबोडीच्या आधी दोन गावांत रंभाने एक माणूस पाहिला होता. दुसऱ्या रांगेत, करड्या शालीत गुंडाळलेला, गोरटेला. सगळे शिट्ट्या मारत होते तेव्हा हा शांत. नाचणारीवर नोटा उडत होत्या तेव्हा हा खाली मान घालून. आणि रंभाचा तो सीन आला की मान वर, नजर जराही हलत नाही. कंपनीत नाचणारी दिव्या नावाची पोरगी होती, तिच्या नजरेतून असलं काही सुटत नसे.

"रंभाताई, तुमचा आशिक आला पाहा," ती म्हणाली होती. "माह्याकडे ढुंकून पाहत नाई. त्याले वहिनीच पाहिजे."

सगळी कंपनी हसली. रंभाही हसली. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या गावी, आवळबोडीला, तोंडाला रंग लावताना तिने आरशात दोनदा पाहिलं. अबोलीचा गजरा मागवला. चाळिशीला टेकलेल्या बाईसाठी कुणी तीन गावं फिरतो, याचं कौतुक कुणाला वाटणार नाही?

तो फिरला होता सुतळी बॉम्बसाठी. प्रश्न कधी येतो, गलका किती होतो, आवाज केव्हा होतो, ते त्याने दोन गावांत बसून पाठ केलं आणि तिसऱ्या गावात आपलं काम केलं. हे पुढे पोलिसांनी उलगडून सांगितलं तेव्हा रंभा एवढी संतापली की तिला रडूही आलं नाही. माणूस मारायला त्याने तिचा सीन वापरला होता. आणि ती त्याच्यासाठी गजरा माळून बसली होती. या एका गोष्टीची लाज तिला अजून जाळत होती, आणि ती कुणाजवळ बोलण्यासारखीही नव्हती.

जेलमधल्या ओळखपरेडीत तिने पहिल्या फेरीतच राजदीपकडे बोट दाखवलं. तिथून तिच्या मागे साडेसाती लागली.

खटल्याची तारीख लागली तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. नाटकांच्या तारखा धरायचे हेच दिवस. वडशाला कंपन्यांच्या कचेऱ्यांसमोर गावोगावच्या मंडळांची रांग लागते. बापूजींच्या दारात मात्र या वर्षी शेटची दोन माणसं येऊन चहा पिऊन गेली होती, आणि ती गेल्यापासून मंडळं दारावरून पुढे जात होती.

"मी तुले खोटं बोल म्हनत नाई, रंभा," बापूजी म्हणाले होते. म्हाताऱ्याने आयुष्य नाटकात घालवलेलं, त्यामुळे घाबरला तरी आवाज मोठाच. "फक्त येवढं म्हन, लाईट डोळ्यावर होता, चेहरा नीट नाई दिसला. कंपनीत वीस पोटं आहेत बाई. दगडाखाली हात सापडला आहे, हळूच काढावा लागते."

"अन काढल्यावर त्या हातानं जेवाल कसे, बापूजी?"

"जेवन मिळालं तर जेवीन न."

बापूजींचंही खरंच होतं. तिने पिशवी भरली, वडशाहून यष्टी धरली आणि चंद्रपूरला येऊन हरिदासच्या बायकोकडे, कमलाकडे उतरली. कमला आता गाव सोडून बाबूपेठेत भावाच्या घरी राहत होती.

"तुमी याल असं वाटलं नव्हतं, बाई," कमला म्हणाली होती.

"मले बी नव्हतं वाटलं," रंभा म्हणाली.

कमलाने तिच्यापुढे भात वाढला आणि मग चुलीकडे तोंड करून बोलली, "गुनाबाई काकूनं त्या दिसापासून नाटकाचं नाव काढू देलं नाई घरात. कुठी लाउडस्पीकर वाजला तरी कान झाकून घेते. तिले काई विचाराले गेलं का भिंतीकडे तोंड करते. मी सोडून देलं विचारनं."

सुट्टी संपली. पुकारा झाला.

कोर्टाच्या खोलीत पंखे घरघरत होते. आवळबोडीची सगळी माणसं मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसली होती, त्यांच्या मागे आदेश आणि त्याची चावी. गुणाबाई कडेला होती, पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून. आरोपीच्या पिंजऱ्यात राजदीप खुर्चीवर बसला होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला बारीक गंध. लग्नाला आल्यासारखा. शेजारी एक पोलीस.

रंभाने शपथ घेतली. तिने घरूनच ठरवून आणलं होतं, इथे नाटकातली शुद्ध भाषा बोलायची नाही. ती बोलली की लोक म्हणतील नाटक करते. आपलं घरचं तोंड बरं.

सरिता मॅडमनी विचारलं, तिने सांगितलं. हरिदासभाऊ मंडळाच्या खुर्च्यांच्या रांगेत कडेला बसले होते. त्यांच्या नि बायकांच्या मधात एक दोरी बांधली होती, फक्त दोरी. माझा सीन रंगात आला होता. मी प्रश्न विचारला, खालून गलका झाला. हरिदासभाऊ दोरीपलीकडच्या एका म्हातारीकडे वळून काहीतरी म्हणाले. तेवढ्यात आवाज झाला. त्यांची मान खाली गेली. आणि त्यांच्या अगदी मागे बसलेला माणूस उठून चालता झाला.

"तो माणूस इथे आहे?"

"हा काय," रंभाने बोट दाखवलं. "तवा करडी शाल होती. आज शर्ट आहे."

राजदीप हसला. असं हसला, जसं एखादी लहान पोर पाढा चुकल्यावर मास्तराने हसावं. रंभाच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग आरोपीचे वकील उठले. खास नागपूरहून आणलेले, बोलायला गोड.

"तुमचा व्यवसाय काय, बाई?"

"नाटकात काम करते."

"म्हणजे रोज रात्री खोटं खोटं रडता."

"रडते खरंच. कारन खोटं असते."

मागच्या बाकांवर कुणीतरी खाकरलं. वकिलांनी पान उलटलं.

"माझ्या अशिलाच्या हातात तुम्ही पिस्तूल पाहिलं?"

"नाई. हात शालीत होता."

"गोळी झाडताना पाहिलं?"

"नाई. आवाज आयकला, मान पडलेली पाहिली, अन याले उठताना पाहिलं. जेवढं पाहिलं तेवढंच सांगून राह्यली."

"वा. समोर माणूस मेला, आणि तुम्ही काय केलंत?"

"डायलॉग बोलली पुढचा."

"माणूस मेला आणि तुम्ही नाटक करत राहिलात?"

रंभाने पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. हा प्रश्न तिने स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की उत्तर आता पाठ होतं. "मले का मालूम तो मेला म्हनून? आमचा सुतळी बॉम्ब अन याचा कट्टा एकाच टायमाले वाजला. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मले वाटलं, माह्यासाठी वाजवल्या. पडदा पडेपर्यंत मी बोलत होती अन लोक टाळ्या वाजवत होते, अन तो मानूस समोर मरून बसला होता. आवळबोडीतल्या सगळ्या लोकायनं वाजवल्या, साहेब. तुमी आज त्यायले विचारलं तर ते घरी झोपले होते."

मागच्या बाकांवर माना खाली गेल्या. न्यायाधीश साहेबांनी मान वर करून एकदा तिकडे पाहिलं.

"विचारलं तेवढंच बोला," वकील म्हणाले. आवाजातला गोडवा जरा उतरला होता. "स्टेजवर लाईट तुमच्या डोळ्यांवर असतात. समोर अंधार. हजार-दोन हजार माणसं. त्यात एकाचा चेहरा तुमच्या बरोबर लक्षात राहिला. का? तुमचं काही नातं होतं त्याच्याशी?"

हेच ते. गजऱ्याची ती लाज पुन्हा वर आली. मग तिला वाटलं, लाज मला का? लाजायचं तर त्याने लाजावं.

"पहिल्या चार रांगा दिसतात, साहेब. बक्षीस देनारे तिथंच बसतात, म्हनून आमी त्यायले पाहत असतो. हा आधी दोन गावात आला होता. दोन्ही खेपेला माह्या याच सीनवर डोळे लावून बसला. कंपनीतल्या पोरी म्हने, तुमचा आशिक आहे. मले बी खरं वाटलं. मी त्या दिवशी गजरा घातला होता त्याच्यासाठी."

कुणीतरी फिसकन हसलं. राजदीपही हसला. रंभा त्याच्याकडे पाहतच पुढे बोलली.

"हसा. पन समजून घ्या. ज्याच्यासाठी मी गजरा घातला, तो माह्या सगळ्यात चांगल्या सीनमधून उठून गेला. सारा मंडप पुढे वाकून पाहून राह्यला, अन हा एकटा पाठ करून चालला. मले असा राग आला का मी त्याच्या तोंडाकडेच पाहत राह्यली. सोळा वर्सं झाले मले नाटकात. दारू पिऊन पडलेला मानूस माह्या सीनमधून उठला नाई कधी. हा उठला. उठून जानाऱ्याचं तोंड मी मरेपर्यंत विसरत नसते."

आता कुणी हसलं नाही. सरिता मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या, पण त्यांचं पेन चालत नव्हतं.

नागपूरच्या वकिलांना घाम फुटला असं म्हणता येणार नाही. ते मुरलेले होते. त्यांनी दुसरी वाट धरली.

"छान बोलता. पण तुमच्या झाडीपट्टीत नट पाठांतर करत नाहीत म्हणे. विंगेतला प्राम्टर जे सांगेल ते बोलतात. बरोबर?"

"प्राम्टर असतो."

"म्हणजे आजही कुणीतरी सांगितलं ते तुम्ही बोलताय. पोलिसांनी म्हणा, मॅडमनी म्हणा." ते न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, या बाईची स्मरणशक्ती किती आहे ते कोर्टालाही दिसू द्या. बाई, दोन वर्षं झाली. तो तुमचा गाजलेला सीन. गोळीच्या आधीचं वाक्य काय होतं? प्राम्टर नाही इथे. येतंय का बघा."

सरिता मॅडम हरकत घ्यायला उठल्या. न्यायाधीश साहेबांनी हात केला. "थोडक्यात सांगा, बाई."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगीच नाही. अहो, सोळा वर्षं जिने मंडप रडवला तिला तुम्ही भर कोर्टात म्हणता, दोन ओळी म्हणून दाखव. रंभाने कठड्यावरचे हात सोडले. पदर खांद्यावर नीट केला. समोर आरोपी होता, बाजूला साहेब होते, पण ती त्यांपैकी कुणाकडे वळली नाही. ती वळली मागच्या बाकांकडे, जिथे आवळबोडी बसली होती. आणि आता ती घरची भाषा बोलली नाही.

"गोळी तुझ्या हातात आहे, भाऊजी. पण डोळे साऱ्या गावाचे आहेत. अरे, आहे का कुणी या गावात? पाहिलं का कुणी?"

इथे थांबायचं असतं. किती थांबायचं, ते प्राम्टर सांगत नाही, ते ज्याचं त्याने कमवायचं असतं. रंभा थांबली. पंखे घरघरत राहिले. तिला दिसलं, पिंजऱ्यातल्या राजदीपचं हसू गेलं होतं. या थांबण्यानंतर काय येतं ते त्यालाही पाठ होतं.

"आहो न माय. आमी सारे आहो. आमी पाहून राह्यलो."

आवाज कडेच्या बाकावरून आला. चिरका, सवयीचा, आपोआप निघालेला. गुणाबाईचा पदर डोक्यावरून मागे पडला होता आणि तोंड उघडंच राहिलं होतं. आपण बोललो, हे तिला स्वतःलाच आता कळत होतं.

दाराशी उभा असलेला शिपाई तिच्यावर धावला. "ए बाई, गप राहा. कोर्ट आहे हे."

गुणाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूहळू, गुडघ्यांवर हात ठेवून, उठून उभी राहिली.

"हेच म्हने तो," ती म्हणाली. "माहा हरिदास. मी नाटकात अशीच बोलते, मले राह्यवत नाई. तो दोरीवरून वाकला अन म्हने, काकू, गप राह्य न. मी गप झाली. अन त्याची मान माह्या खांद्यावर आली."

"साहेब, ही साक्षीदार सकाळी शपथेवर..." वकील बोलू लागले.

"मले वाटलं झोपलं लेकरू," गुणाबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. "दिवसभर पटात धावला होता बैलाच्या मांगं. थंडी होती. मी माही शाल त्याच्यावर पांघरली. अन नाटक पाहत बसली. पडदा पडेपर्यंत पाहत बसली. टाळ्या वाजवल्या मी. मेलेल्या पोराले खांद्यावर घेऊन टाळ्या वाजवल्या. हे मी कोनाले सांगू? कोनत्या तोंडानं सांगू का मी पाहत होती?"

कमला पुढच्या बाकावर होती. ती उठली नाही, वळलीही नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

रंभाला पिंजऱ्यात उभं राहून प्रथमच रडू आलं, आणि ते कुठल्याही नाटकातलं नव्हतं. म्हातारी शेटला घाबरली म्हणून फितूर झाली, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. रंभानेही. शेट कुठला आणि आदेश कुठला. ती तर त्या टाळ्यांच्या मागे तोंड लपवून बसली होती, अगदी रंभासारखी.

सरिता मॅडमनी उभं राहून या साक्षीदाराला पुन्हा तपासण्याची परवानगी मागितली. वकिलांनी कडाडून विरोध केला. न्यायाधीश साहेबांनी दोघांना खाली बसवलं आणि गुणाबाईकडे पाहिलं.

"आजी, सकाळी तुम्ही शपथेवर सांगितलं की तुम्ही घरी होता. आता वेगळं सांगाल तर खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावरही खटला होऊ शकतो. समजतंय?"

"होऊ द्या," गुणाबाई म्हणाली. "खोटं तर बोललीच आहो. शिक्सा द्या. पन आधी खरं आयकून घ्या."

मागे आदेश उभा राहिला. बोटातली चावी त्याने मुठीत धरली आणि तो तिच्या बाजूच्या वाटेवर येऊन थांबला. बोलला काहीच नाही. ही वाट आवळबोडीला परत जाते, एवढंच त्याला सांगायचं असावं. म्हातारीने त्याला खालून वर न्याहाळलं.

"तुह्या गाडीत नाई येत मी आता. चिवडा खाल्ला तेवढा माफ कर. यष्टीनं जाईन." ती बाकांमधून सरकत पुढे निघाली. "अन काऊन रे, सरपंचाच्या भावा, तू तर माह्या मांगंच होता. झोपला होता म्हने. शेंगदाने कोन खात होतं मंग माह्या डोक्यावर टरफलं टाकून?"

सरपंचाच्या भावाने खाली पाहिलं, वर पाहिलं, चावीकडे पाहिलं. मग तोही उठला. "साहेब, मी बी... मी बी नव्हतो झोपलो."

बाकांवर कुजबुज उसळली. आणखी एकजण अर्धा उठला, त्याच्या शेजारचीने त्याला ओढून खाली बसवलं आणि ती स्वतःच उभी राहिली. शिपाई गडबडला. कुणाला आवरावं ते त्याला कळेना, म्हणून तो पुन्हा म्हातारीच्याच आडवा आला. "आजी, साहेब सांगत नाहीत तोवर गप राहायचं."

"गप राह्य म्हननारा एकच होता मले, बाबू," गुणाबाई म्हणाली. "त्याचं आयकलं. आता तुहं नाई आयकत."

ती पिंजऱ्यापाशी आली. पायरी उंच होती. रंभाने खाली वाकून हात दिला, आणि म्हातारीने तो असा पकडला की काकणं रुतली. गावकऱ्यांच्या आवाजात न्यायाधीश साहेब काहीतरी सांगत होते, लेखनिक खाली मान घालून भराभर लिहीत होता.

समोर राजदीप खुर्चीवरून उठला होता. कुठे जायला उठला ते त्यालाच ठाऊक. शेजारच्या पोलिसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून त्याला खाली बसवलं. रंभाने ते पाहिलं आणि डोळे पुसले. या खेपेला सीन संपेपर्यंत त्याला बसावं लागणार होतं.